पेटीत मूल, मग आई कुठे?

ठाणे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०७

माझी भाची गोदी सोळाव्या वर्षीच माझ्यासारखी विधवा झाली, आणि आता सासरहून आली ती पोटुशी. घरात मला एकटीलाच ठाऊक. म्हणून आज परसदारी भाजी घेताना गंमत केल्यासारखं इझाबेल भाजीवालीला विचारलं, "काय गं, तुमच्या किरिस्तावांत अशा बाईचं काय करतात?"

"पोर्तुगालात मठाच्या भिंतीत फिरती पेटी असते, काकी. पोर ठेवायचं, पेटी फिरवायची. आतल्या जोगिणी उचलतात, तोंड कोण बघत नाय."

"आणि आईला कुठल्या पेटीत ठेवतात?" तर हसतच सुटली.

मिशनच्या मडमेला विचारलं. विलायतेत म्हणे बापाला कोर्टात खेचतात, पोटगी घेतात. इथं खेचायचा तर गोदीचा थोरला दीर, आणि तो गावाला नीती शिकवतो. आपल्याकडच्या अनाथ पोरांच्या आश्रमात पोर ठेवून घेतात, बाई रिकामी परत. तीही पेटीच की.

गोदीनं ऐकून एवढंच विचारलं, "मावशी, मूल आईजवळच ठेवतात असा देश कुठला?" गावच्या शाळेत भूगोल शिकले मी, पण हे त्यात नव्हतं.

शेवटी ठरवलं. दोघींनी नाशकाला तीर्थाला जायचं, बाळंतपण होईतो तिथंच राहायचं. येताना टाकलेलं पोर सापडलं म्हणून मी आणायचं. बोडकीला हे वेड कुठून लागलं म्हणून लोक हसतील. हसू देत.

"पण ते पोर मला काय म्हणेल?" गोदीनं विचारलं.

"ताई. सोसेल तुला?"

ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "चुकून कधी आई म्हणालं, तर त्याला रागवायचं नाही हं."