दिवसा झोपणाऱ्यांची खोली

आई, तू गेलीस त्याला आता चौदा वर्षं झाली. मी पिंपरीतच एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. कामगारांसाठी दोन इमारती बांधायच्या होत्या, खाली दुकानं आणि वर दोन-दोन खोल्यांची घरं. वीजकपातीचे दिवस, म्हणून साहेबांनी बजावलं होतं की दिवसा दिवा लागता कामा नये आणि पंख्याशिवाय भागलं पाहिजे. मी दोन्ही खोल्यांना रुंद खिडक्या काढल्या, समोरासमोर, वारा आरपार जाईल अशा. पहिली इमारत भरली. दुसरीच्या पायाची आखणी चुन्याच्या फक्कीनं मारून झाली, आणि खोदाई सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी पहिली बघायला गेले.

भर दुपारी माझ्या खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, चादरी टांगलेल्या होत्या, आणि आत बल्ब लावून स्वयंपाक चालला होता. एका घरची बाई दारातच आली. "हळू बोला ताई, आमचं मानूस थर्ड शिफ्टचं हाय. उजेड लई ग्वाड हाय तुमचा, पर दिसा डोळा लागत न्हाई त्यास्नी. अन् खाली ती गिरणी." पिठाच्या गिरणीचा गाळा बरोबर त्यांच्या झोपायच्या खोलीखाली मीच दाखवला होता. मला तिच्याकडे बघवेना. कारण मी तर अशाच घरात वाढले.

बाबा रात्रपाळी करून सकाळी कंपनीतून येतात. तोवर तुझा स्वयंपाक उरकलेला असतो, चूल विझलेली. मागच्या उत्तरेकडच्या खोलीचं दार तू लोटतेस, त्यावर ओलं गोणपाट टांगतेस. खिडकी बंद, फक्त वर पत्र्याखाली वीतभर फट उघडी, गरम हवा निघून जायला. आपण दोघी ओट्यावर. शाळेत जायच्या आधीच मी पाटीवर अक्षरं शिकले, तीही कुजबुजत. माझ्या हातून एकदा ताटली पडली तेव्हा तू असा चिमटा काढलास की आवाज न करता रडावं लागलं. आणि आपल्या भिंतीला लागून गिरणी टाकायला निघालेल्या त्या माणसापुढे तू पदर खोचून उभी राहिलीस.

"वहिनी, झोपायचा पण पगार देते का कंपनी?" तो हसला.

"देते की, भाऊ. झोप झाली न्हाई तर मशिनीत बोट जातं. मग बघा कोन पगार देतं. तुमची गिरणी चालू द्या, पर त्या टोकाला."

गिरणी टोकाला गेली. कुठलाही नकाशा न काढता तू एवढं ठरवलंस.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभी राहिले. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. "फक्की पडलीय. कॉन्ट्रॅक्टर डोक्यावर बसेल माझ्या," ते म्हणाले. मी म्हटलं, बसू दे, पण खोदू नका. त्यांनी चार दिवस दिले. मी प्रत्येक घराला मागे उत्तरेची एक खोली दिली, जाड भिंतीची, लाकडी झडपांची, वर झरोका असलेली. पुढची खोली उजेडाची राहिली. गिरणी आणि वेल्डिंगवाला यांचे गाळे रस्त्याकडच्या टोकाला, जिन्यापलीकडे गेले. साहेबांनी नकाशा बघून सही केली.

मी त्यांना सांगितलं की पहिल्या इमारतीत हे नजरचुकीनं राहून गेलं होतं. हे पत्र कुठेच टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. नजरचूक नव्हती. त्या अंधाऱ्या खोलीचा आणि त्या कुजबुजण्याचा मला लहानपणी फार राग यायचा. खिडक्या आखताना ती खोली मला आठवली होती, आणि मी मुद्दाम त्या आणखी रुंद केल्या.