थांबायचा चौकोन

प्रिय टिल्लू,

आधी तुझ्या तक्रारीचं बघते. ताईने माझ्या प्रोग्रॅमची वाट लावली का, असं तू परवा आईला विचारलंस म्हणे. लावली. मग निस्तरली, मग परत लावली, आणि आता जे काही होऊन बसलंय ते तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तेव्हा नाटकवाल्यांना म्हणावं, अर्धा तास मला कुणी हाक मारू नका. ऐन तालमीत कुणाला घंटेचा नाहीतर पावसाचा आवाज हवा असेल तर त्यांनी तोंडाने काढावा. तू नीट बस, आणि वाचताना कपाळावर हात मारावासा वाटला तर खुशाल मार.

बाबा बरे आहेत, म्हणजे त्या झटक्यात गेलेली वाचा सोडली तर. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि वाटेत प्रत्येक गाडीकडे रागाने बघतात, म्हणजे तब्येत ठीक आहे असं समजायचं. उजवा हात अजून थरथरतो, पण हट्ट असा की बटणं दाबायची ती उजव्यानेच. डावा पुढे केला की बोलायला शिकवणाऱ्या बाईसुद्धा ओरडा खातात. ओरडा म्हणजे काय, नुसता अं अं असा आवाज आणि भुवया. पण ज्या माणसाने जन्मभर लोकांना गाडी शिकवली त्याच्या भुवया पुरेशा असतात.

तुझा तो बटणांचा पाट आला तो दिवस मी विसरणार नाही रे. घरातल्या जुन्या व्हिडिओंतून तू बाबांचा एकेक शब्द कापून काढलास, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते चौकोन काढून वायरींनी जोडलेस, आणि बाबांनी पिवळं बटण दाबल्यावर स्वयंपाकघरात त्यांचाच आवाज आला, चहा. माझ्या वाढदिवसाच्या व्हिडिओतला, हसत म्हटलेला. आई हातातलं पातेलं खाली ठेवून स्टुलावरच बसली. तू तेव्हा इथे हवा होतास. तुझं किती कौतुक करू असं मला झालं होतं, आणि मी फोनवर तुला काय म्हणाले, तर पाटाच्या कडा नीट घासल्या नाहीस. स्वभावाला औषध नाही.

पण पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटेल असं आईला वाटलं. बाबांनी तोंड हलवणंच सोडून दिलं. बोट ठेवलं की शब्द हजर, मग कशाला हलवतील? बाई तर सुरुवातीपासून बजावत होत्या, की हेच महिने कामाचे आहेत, आत्ता जीभ वळवायचा प्रयत्न सुटला तर नंतर फार जड जाईल. त्या आल्या की बाबा पाट मांडीवर घेऊन बसायचे आणि त्यांनी काहीही म्हणायला सांगितलं की बटण दाबायचे. वर हसायचे, बघा आलं की नाही अशा थाटात. बाई जाताना दारात माझ्याकडे बघायच्या, आणि त्या नजरेने मला शिवण सुचायची नाही. मला एकच भीती बसली होती, की आपल्या घरात यापुढे बाबांचा आवाज फक्त त्या डब्यातूनच येणार.

आता माझे पराक्रम ऐक. पहिला तुला अर्धा माहीत आहेच. खिडकी म्हणणारं बटण मुकं झालं, मी त्याच्या चौकोनात आकडा परत टाकला, तो आपला नेहमीच्या कीबोर्डने, मराठी ५. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत कुरकूर सुरू केली. त्याच्या लेखी तो आकडाच नव्हता, कुठला तरी शब्द होता, आणि पुढचा चौकोन तर आकड्याशिवाय कुणाला दारात उभं करत नाही. तू फोनवर इतका खिदळलास की मला तुझी बायको मागून काय झालं काय झालं विचारताना ऐकू आली. असो.

दुसरा पराक्रम मात्र मी तुझ्यापासून लपवला. तुझ्या त्या वायरींचा गुंता मला बघवेना. एक चौकोन इथे, दुसरा तिथे, वायरी एकमेकींवरून गेलेल्या. तुझं कपाटही तसंच असायचं. मी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सगळ्या वायरी काढून सरळ, सुबक, पुन्हा जोडल्या. जिथली तिथे जोडली, शपथ. तरी त्या दिवसापासून घरात जो गोंधळ माजला तो विचारू नकोस. बाबांनी चहाचं बटण दाबलं की यंत्र म्हणणार नको. पाण्याचं दाबलं की म्हणणार चहा. आई बिचारी चहा करून आणायची, बाबा वैतागून नको दाबायचे, तर यंत्र म्हणायचं पाणी. आई म्हणाली, लग्न झाल्यापासून हा माणूस असाच आहे, यात यंत्राचा काय दोष.

शेवटी मी पाटासमोर बसून एकेक बटण दाबत गेले आणि ध्यानात आलं, की यंत्र चुकीचं बोलत नाहीये, ते एक शब्द मागे आहे. आत्ता दाबलं ते पुढच्या वेळी ऐकू येतंय. एका चौकोनातून दोन वायरी निघतात, एक सांगते कुठला शब्द, दुसरी सांगते बोल आता. मी आधी बोलची वायर जोडली होती आणि मग शब्दाची, म्हणून ते बिचारं शब्द हातात पडायच्या आधीच तोंड उघडत होतं, आणि तोंडात असायचा मागचाच. बघायला वायरी दोन्ही वेळा सारख्याच दिसतात, त्यामुळे मेलं कळणार कसं? मग तू मागे सांगितलेला तो क्रम लावून देणारा चौकोन मधे घातला. तो उजवीकडचं आधी सोडतो, डावीकडचं नंतर. बाही आधी लावायची की कॉलर, हे ज्याला कळतं त्याला हेही कळतं. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

तिसरा प्रकार तुझ्याच सल्ल्याने झाला, तेव्हा पाप अर्धं तुझं. हात थरथरतो म्हणून बटण दोनतीनदा दाबलं जायचं आणि यंत्र पा पा पाणी करायचं. बाबांना ते फार लागायचं, आपल्यालाच कुणी वेडावतंय असं वाटायचं त्यांना. तू म्हणालास, मधे एक थांबायचा चौकोन घाल, अर्धा सेकंद. बटण पुन्हा दाबलं गेलं तर तो पहिल्यापासून थांबायला लागतो, म्हणजे शब्द एकदाच येईल. मी घातला. एक सेकंद म्हणजे हजार लिहायचं हे लक्षात होतं, पण पाचशेवर एक शून्य जास्त पडलं. अर्ध्याचे पाच सेकंद झाले, आणि त्यात बाबांचा हात थरथरला की परत पहिल्यापासून पाच.

त्या सकाळी मी शिलाई मशीनवर होते आणि बाबा खुर्चीत. त्यांनी पाण्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी मान वर केली तर बाबा पाटाकडे असे बघत होते जसे चौकात गाडी बंद पाडणाऱ्या शिकाऊ पोराकडे बघायचे. बोट बटणावर, बोट थरथरतंय, यंत्र गप्प. आणि मग रागाने, पार रागाने, त्यांच्या तोंडातून आलं, पा. मग ओठ मिटले, मान हलली, आणि णी. टिल्लू, आवाज घोगरा होता, व्हिडिओतल्यासारखा मुळीच नव्हता. मी सुई बोटात टोचून घेतली. आणि तेवढ्यात यंत्राला जाग आली आणि ते गोड आवाजात म्हणालं, पाणी. बाबांनी त्याला जी शिवी घातली ती सुद्धा जवळजवळ स्पष्ट होती. मी रडत होते आणि हसत होते, आणि पाणी द्यायचं राहूनच गेलं.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, खबरदार, हे दुरुस्त कराल तर. यंत्र आधी बोललं की माणूस गप्प बसतो, म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर तुम्ही घरचेही तेच करता. खरंच आहे रे. बाबांचा ओठ हलायचा अवकाश, आई तीन वाक्यं पूर्ण करून मोकळी. प्रेमापोटीच, पण करते. आता बाबा काही म्हणायला लागले की आई उलथनं तोंडावर आडवं धरून उभी राहते, आणि मी दातात टाचण्या धरते, म्हणजे बोलताच येत नाही. तो चौकोन आम्ही आठ सेकंदांवर नेलाय. चहा, हो, नको हे आता बाबा यंत्राच्या आधी म्हणतात, आणि जिंकले की आमच्याकडे बघतात. तेव्हा तू ती नवी, झटपट बोलणारी आवृत्ती पाठवायची म्हणतोस ना, ती पाठवू नकोस. तुझं काम वाया गेलं असं मनात आणशील म्हणून सांगते, तसं नाहीये. तुझा पाट नसता तर बाबांनी चिडायचं कुणावर?

आता फोन सोडून पत्र का लिहिलं ते. फोन बैठकीत आहे आणि बाबा शेजारीच असतात, आणि हे त्यांना कळता कामा नये. बाईंनी त्यांना विचारलं होतं, पुढचा कुठला शब्द शिकायचा? आम्हाला वाटलं औषध म्हणतील, नाहीतर पेपर. बाबा उठले आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोवर काठी टेकवली. तू आईचं बटण केलंस, माझं केलंस, स्वतःचं केलंच नाहीस ना. गेले कित्येक दिवस दार लावून ते तुझं नाव म्हणताहेत. टिल्लू नव्हे, त्यांनी ठेवलेलं, पूर्ण. पहिलं अक्षर अडतं, फार अडतं. रविवारी सकाळी ते तुला फोन करणार आहेत, पाट न घेता. तू उचल, हॅलो म्हण, आणि त्यानंतर काहीही बोलू नकोस. मला माहितीये, समोरून आवाज आला नाही की तुझा जीव घाबरतो आणि तू हवा, जेवण, तालीम सगळं भडाभडा सांगत सुटतोस. या वेळी नाही. तुला वाटेल फोन कटला. कटलेला नसेल. नुसता श्वास ऐकू येईल, घसा खाकरल्याचं येईल, मग परत काही नाही. कितीही वेळ लागला तरी ठेवू नकोस रे, आणि मधेच हो बाबा असंही म्हणू नकोस, त्यांचं म्हणून होईपर्यंत.

तुझीच, दातात टाचण्या धरून बसलेली,
ताई