माझ्या नावावरचा श्वास

प्रिय ठमू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, हे लिहितोय तेव्हा आम्ही दोघंही चालती-फिरती आहोत. तुझी आई घरी आहे आणि मी इथे ड्रायव्हिंग क्लासच्या गाळ्यात एकटाच बसलोय. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात ते मोडकं स्टेअरिंग, ज्याच्यासमोर बसून तू तोंडाने घर्रघर्र करत सगळं जग फिरून यायचीस. पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, त्यामुळे आधीचे कागद फाडून टोपलीत गेलेत. फोन का केला नाही, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, उगाच बापाचा रुबाब राखत बसायला नको. मी घाबरलोय ठमू. चांगलाच घाबरलोय.

गेल्या वर्षी सिग्नलला माझा डोळा लागला होता, ते तुला माहीत आहे. शिकाऊ बाई चाकावर, मी शेजारी, आणि सिग्नल हिरवा झाला तरी ती बिचारी मला हलवून उठवतेय. तुला सांगताना मी त्याचा विनोद केला होता, पण तेव्हाही माझी तंतरली होती. मग झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. झोपेत माझा श्वास मधेमधे थांबतो, म्हणून रात्री झोप पुरी होत नाही आणि दिवसा पेंग येते, असं निघालं. त्यावर ते यंत्र. उशाशी ठेवायचं, त्याची नळी, नळीला मास्क, तो नाकावर बांधून झोपायचं आणि यंत्र रात्रभर हवा आत ढकलत राहतं. त्याचं भाडं विमा कंपनी भरते, पण अट अशी की दिवसरात्र मिळून चार तास तरी मास्क लावलेला असलाच पाहिजे. लावला की नाही हे आपण सांगायचं नसतं, यंत्रच सांगतं. त्याच्या पोटात सिमकार्ड आहे. ते यंत्राच्या कंपनीला कळवतं, कंपनी विमावाल्यांना आणि लायसन्सच्या ऑफिसला. वापर कमी पडला की कंपनी तिकडून यंत्र बंद करते आणि इकडे माझं शिकवायचं लायसन्स थांबतं.

हे सगळं म्हणे मला मान्य आहे. दुकानात त्या अटी वाचायला म्हणून मी चष्मा काढून पुसत होतो, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने माझ्याच फोनवर स्वतःच्या बोटाने भराभर ‘मान्य आहे’ दाबून टाकलं. म्हणाली, “सगळे दाबतात, काका.” माझा आवाज, माझे मेसेज, मी कुणाला फोन करतो, त्यातल्या कशाकशाला मी हो म्हटलंय ते आजपर्यंत मला कुणी धड सांगितलेलं नाही. ते ॲप काही ऐकत नसेलही. पण असेल तर? म्हणून हा कागद.

मला तो मास्क अजिबात सोसला नाही. जीव घुसमटायचा. झोपेत ओढून काढायचो आणि सकाळी तो पलंगाखाली लोळत पडलेला असायचा. फोनवर लाल खूण यायची, सोबत गोड भाषेत दम, की वापर असाच राहिला तर सेवा थांबवावी लागेल. आणि मग एकाएकी खुणा हिरव्या व्हायला लागल्या. मी आईला विचारलं, तर म्हणाली, रात्रभर लावलेला होता की नीट, पहाटे मीच काढून ठेवला. मला कशाला शंका येतेय? मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटलो, शिकायला येणाऱ्या पोरांना, डॉक्टरीणबाईंना, तुलासुद्धा. इच्छाशक्ती लागते, असं काहीतरी बोललो होतो बघ. तुझी आई तोंड फिरवून हसत होती, तेव्हा मला वाटलं कौतुकाने हसतेय.

पुढे मात्र वेगळेच मेसेज सुरू झाले. मास्क लावूनही आपल्या श्वासाचे थांबे वाढत आहेत. मग, थांबे चिंताजनक आहेत. मग एक दिवस, थांबे गंभीर आहेत, तातडीने डॉक्टरांना भेटा. डॉक्टरीणबाई मोठ्या रजेवर, आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती थेट पुढच्या महिन्याची. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर माणूसच नाही, एक मधाळ आवाजाचं मशीन आहे. मी मरतोय का, असं त्याला सरळ विचारलं, तर म्हणालं, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी आईला यातलं काही दाखवलं नाही. तिच्या फोनवर फक्त तासांची हिरवी खूण उमटते, बाकीचे मेसेज माझ्याकडेच येतात. मी रात्रीचं जेवण तोडलं, पाठीला उशी लावून कुशीवर झोपायला लागलो, बँकेचे कागद एका फायलीत लावून ती कुठे ठेवलीय ते आईला दाखवलं. तर ती म्हणते, कुठे निघालात एवढे? मी म्हटलं, कुठे नाही, आवराआवर करतोय. तुला नव्या नोकरीत कशाला त्रास द्यायचा म्हणून तुझ्याशीही हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो.

मध्यंतरी तूच विचारलं होतंस, आई हल्ली दुपारी फोन का उचलत नाही. मीही तिला विचारलं, तर म्हणाली, फोन आत राहतो, ऐकू येत नाही. मग एके दिवशी दुपारचा विद्यार्थी आलाच नाही, गाडी लावून मी लवकर घरी गेलो. पडदे ओढलेले. पलंगावर माझ्या बाजूला तुझी आई झोपलेली, आणि नाकावर माझा मास्क, पट्ट्यांनी गाल चेपलेले, केस सगळे वर उभे. ठमू, मला आधी हसूच फुटलं. माझे तास भरून काढत होती गं ती. मी सकाळी क्लासला निघालो की थोडे, दुपारी थोडे. माझं लायसन्स जाऊ नये म्हणून आयुष्यात कधी दुपारची न झोपलेली बाई नळी लावून झोपत होती. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो, म्हटलं उठली की अशी फिरकी घेतो की बस.

आणि तिचा श्वास थांबला.

यंत्र फुंकतंय, मास्क हलतोय, पण छाती हलत नाही. मी बघत राहिलो. आता घेईल, आता घेईल. माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, गाडीत शेजारच्या शिकाऊने चूक केली की माझ्या बाजूच्या ब्रेकवर दाबला जातो तसा, पण तिथे कुठला ब्रेक असणार? मी तिच्या खांद्याला हात लावणार एवढ्यात तिने घुसमटल्यासारखं करून मोठा श्वास घेतला, आणि जरा वेळाने पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते लाल मेसेज माझे नव्हतेच. तो मास्क माझ्या नाकावर टिकतच नव्हता. माझ्या नावावर जाणारा एक-एक श्वास तिचा होता. हवा ढकलणारं यंत्र लावूनही जिचे इतके थांबे मोजले जातात, तिचं रात्री काय होत असेल? रात्री ती बिनमास्कची, माझ्या शेजारी, आणि मी आपला माझ्याच मरणाच्या काळजीत भिंतीकडे तोंड करून.

तुझी आजी, आईची आई, झोपेतच गेली. आपण सगळे काय म्हणालो होतो आठवतंय? किती सुखाचं मरण, कुणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही. मीच सगळ्यांत मोठ्यांदा म्हणालो होतो. ते वाक्य आता डोक्यातून जात नाही. आईच्या झोपेकडे मला बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

ती उठली, मला बघून ओशाळली, आणि लगेच माझ्यावरच डाफरली. “तुमचं लायसन्स गेलं असतं तर दिवसभर घरात बसून तुम्ही मला फोडणी कशी घालायची ते शिकवलं असतं. त्यापेक्षा नळी बरी.” मी हसलो. काय करणार? खरं सांगता आलं नाही. का, ते तुला कळेल. यंत्र एकच आहे. तिला कळलं की दुखणं तिचंही आहे, तर ती पहिली गोष्ट कोणती करेल? स्वतःच्या नाकावरचा मास्क काढून माझ्या तोंडाला बांधेल, दोन गाठी जास्त मारून. आणि डॉक्टरचं नाव काढलं की म्हणेल, मला काय धाड भरलीय. तू ओळखतेस तिला.

मग मी कंपनीच्या मागे लागलो. म्हटलं, निदान त्या नोंदी तरी द्या, डॉक्टरांना दाखवतो. उत्तर आलं की सविस्तर नोंद ही कंपनीची मालमत्ता आहे, ती फक्त नोंदणी झालेल्या डॉक्टरांना आणि नोंदणी झालेल्या रुग्णाच्या उपचारासाठीच मिळेल. म्हणजे आमच्या खोलीत, आमच्या पलंगावर, माझ्या बायकोने घेतलेला श्वास, आणि तो बघायचा अधिकार मला नाही. ग्राहक तक्रार कक्षात गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, काका, कागदावर तुमच्या मिसेस कुठेच नाहीत, त्यांच्या वतीने तक्रार कशी घेऊ? मग मी मूर्खपणा केला. ॲपवर लिहून विचारलं, समजा, एखाद्याच्या यंत्रावर घरातलं दुसरं माणूस झोपलं तर काय होतं? उत्तर क्षणात आलं. तो गैरवापर ठरतो, करार संपतो, यंत्र बंद होतं आणि संबंधित सर्वांना कळवलं जातं. आणि खाली एक ओळ, आपण स्वतःबद्दल विचारत आहात का?

मी फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या वापरात वेगळ्या व्यक्तीच्या श्वासाचा नमुना आढळला आहे, पडताळणी चालू आहे, या महिनाअखेर निर्णय कळवला जाईल. इतके दिवस ती श्वास कोंडून पडली होती तेव्हा त्यांना फक्त माझं नाव दिसत होतं. मी एक प्रश्न विचारला आणि लगेच त्यांना दोन माणसं ओळखता आली. कुणाकडे जायचं गं माणसाने? समोर कुणी बसलेलंच नाही.

आता हे पत्र का, ते लिहितो. मी आईला थाप मारलीय की लायसन्सच्या ऑफिसला या महिन्यात रात्रीचे तास हवेत आणि मला तो मास्क काही जमत नाही, तेव्हा माझ्यासाठी एवढं कर. माझ्यावर उपकार करतेय अशा थाटात ती रोज रात्री तो लावून झोपते. मी शेजारी खुर्चीत बसतो, बसल्या बसल्या कधी डोळा लागतो कळत नाही. गाडी गॅरेजमध्ये आहे असं सांगून क्लास बंद ठेवलाय, कारण अशा डोळ्यांनी दुसऱ्याच्या पोरांना रस्त्यावर नेणं मला जमणार नाही. हे किती बरोबर, किती चूक, मला माहीत नाही. यंत्रातला हवेचा जोर माझ्यासाठी लावलेला आहे, तो मला बदलता येत नाही. पण हवा बंद होण्यापेक्षा ती असलेली बरी, एवढंच मला कळतं. तू ये. फोनवर यातलं काही बोलू नकोस, मेसेज करू नकोस, सुट्टी मिळाली म्हणून आलेय असं म्हण आणि तुझीच तपासणी करायचीय असं सांगून तिला सोबत ने. तुला ती नाही म्हणत नाही. तिच्या स्वतःच्या नावाने तपासणी झाली, तिच्या नावाने यंत्र आलं, की त्याच दिवशी मी जाऊन सगळं कबूल करतो, लायसन्सही त्यांच्या टेबलावर ठेवून येतो. महिनाअखेरीच्या आत ये. आणि त्याआधीच माझ्याबद्दल काही वाईट फोन आला, तर ते यंत्र माझ्या नावावर आहे आणि माझ्याबरोबरच बंद होईल, हे लक्षात ठेव. घरात माणसं जमतील, तुझी आई रडून रडून दमेल, आणि कुणीतरी मायेने तिला म्हणेल, जरा आडवी हो, झोप थोडी. तिला झोपू देऊ नकोस ठमू. माझं नंतर बघ, आधी तिला डॉक्टरकडे घेऊन जा.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा