मानाची खुर्ची

कोहंग, दक्षिण कोरिया, १९ ऑक्टोबर

प्रिय मेबल,

सप्रेम नमस्कार. (तू माझ्याहून अकरा दिवसांनी मोठी, म्हणजे खरं तर साष्टांगच घालायला हवा, पण घातला तर इथे मला उठवायला कोणी नाही.) नवा गुडघा काय म्हणतो? सूनबाई "आई, तुम्ही नुसत्या बसून राहा" म्हणते आणि तू दिवसभर खिडकीशी बसतेस, हे वाचून मला फार राग आला. तिचा नाही, त्या वाक्याचा. मी तेच वाक्य इथल्या शाळेत तीन वर्षं ऐकते आहे, तेही वाकून, अतिशय आदराने.

इथे माणसाचं आधी वय विचारतात आणि मग त्याला कुठे बसवायचं ते ठरवतात. दर बुधवारी दुपारी आम्हा शिक्षकांचा व्हॉलीबॉल असतो. माझी पंचावन्न वर्षं भरली आणि जिममध्ये माझ्यासाठी उशी घातलेली खुर्ची आली. एका बाजूला ग्रंथालयाच्या बाई, दुसऱ्या बाजूला शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशी. आम्ही तिघींनी नासपती सोलायच्या, फोडी करायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. आमचे मुख्याध्यापक ओक साहेब (अस्सल कोरियन, आपल्याकडच्या ओकांशी काही नातं नाही, मी चौकशी केली) स्वतः दोन्ही हातांनी सुरी देतात. इतक्या अदबीने आलेल्या सुरीला नाही कसं म्हणायचं? सकाळी चार तास इंग्रजीतले प्राणी शिकवताना मी हत्ती होते, कांगारू होते, बाकांमधून उड्या मारते. तेव्हा माझं वय कोणाला आठवत नाही. ते बुधवारी तीनच्या ठोक्याला आठवतं.

सप्टेंबरात मी ठरवलं, आता खेळायचंच. सुरी खाली ठेवली, कापडी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि सरळ मैदानात जाऊन उभी राहिले. पहिलाच चेंडू आला. मी झेप घेऊन तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि टाळ्यांची वाट पाहिली. शिटी वाजली. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरायचा नसतो, मेबल! मला ते माहीत होतं, हातांना नव्हतं. सिस्टर बेनेडिक्टांनी शाळेत सहा वर्षं आपल्याकडून थ्रोबॉल घोटून घेतला, "दिलेला शब्द आणि धरलेला चेंडू सोडायचा नाही" असं बजावत. त्या हातांनी दुसरं काय करावं? त्या दुपारी मी नऊ चेंडू धरले. शेवटी ओक साहेब कळवळून म्हणाले, "बाई, चेंडू आहे हो तो, बाळ नव्हे! पोटाशी काय धरताय?"

माझ्या पाचवीतल्या सो-युलने ही बातमी ऐकली आणि माझी शिकवणीच सुरू केली. मधल्या सुट्टीत तिने चेंडू टाकायचा, मी परतवायचा. मी धरला, तर त्या दिवशी वर्गाला शब्दांची चाचणी माफ, हा करारही तिचाच. त्यामुळे सगळा वर्ग भोवती उभा राहून ओरडायचा, "धरा बाई, धरा! दमलात ना, धरा की!" तीन आठवडे एकही चाचणी झाली नाही. चौथ्या आठवड्यात लागोपाठ दोन झाल्या. सो-युल तोंड पाडून म्हणाली, "बाई, तुम्ही फारच लवकर शिकलात." इतकं मनापासूनचं प्रशस्तिपत्रक मला आजवर मिळालं नव्हतं.

परवा शेजारच्या गावच्या शिक्षकांशी एकवीस गुणांचा सामना होता. मला अर्थातच खुर्ची. अठरा-अठरा झाले आणि आमच्या ग्वाक सरांचा पाय मुरगळला. बदली खेळाडू कोणी उरला नव्हता. ओक साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नासपतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी सुरी त्यांच्या हातात दिली (दोन्ही हातांनी) आणि मैदानात गेले. वीस-एकोणीसवर चेंडू थेट माझ्याकडे आला. मेबल, मी तो धरला नाही. तो माझ्या हातांवरून उसळला, जाळीपलीकडे गेला आणि त्यांच्या दोन धिप्पाड गुरुजींच्या मधोमध पडला. जिंकलो! आता खुर्चीचं नाव कोण काढतो ते बघतेच.

तुझीच,
इंदू

ता. क. तुझ्याशी खोटं बोलून मला झोप लागायची नाही. मी तो चेंडू धरायलाच गेले होते. नासपतीच्या रसाने हात बुळबुळीत झाले होते, तो निसटला. फक्त स्वयंपाकघरातल्या मावशींनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "नासपती मी आणल्या, मग गुणही माझाच!"

ता. क. २. जिंकल्याच्या आनंदात ओक साहेबांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. बुधवारी साडेतीननंतर जिममध्ये थ्रोबॉल. चेंडू धरलेला चालतो म्हटल्यावर ग्रंथालयाच्या बाई, मावशी, सगळे बसवून ठेवलेले लोक उठून आले. सहा झालो. सात लागतात, आणि कॅप्टन कोणीच नाही. एप्रिलमध्ये ये. डॉक्टरांना विचार, ते म्हणतील तेवढंच खेळ, नाहीतर नुसती उभी राहून ओरड. शाळेत कॅप्टन होतीस तेव्हा तरी तू कुठे पळायचीस? हे पत्र सूनबाईला वाचून दाखव.

ता. क. ३. लवकर कळव. ओक साहेब फेब्रुवारीत निवृत्त होतायत. काल त्यांनी माझ्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि सातव्या जागेबद्दल ते हळूच विचारून गेले. मी राखीव आहे म्हणून सांगितलंय. पण मुख्याध्यापकांना किती दिवस नासपती सोलायला लावणार?