अर्धवट स्टूल

चिरंजीवास आशीर्वाद.

लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या पोराला परत पकडलंय. पहिल्या चोरीनंतर कोर्टाने त्याला सुधारगृहाऐवजी सुतारकामाच्या केंद्रात घातलं होतं, आणि खरं सांगतो, पोरगं मार्गाला लागत होतं. मग सरकारने केंद्राचं अनुदान बंद केलं आणि दाराला कुलूप लागलं. माझ्या गुडघ्यांसाठी तो एक स्टूल करत होता, ते अर्धवट आतच राहिलं. ते आणायला हा खिडकीतून शिरला.

हवालदार हसला. “आजोबा, स्वतःच्याच वस्तूची चोरी! असला चोर पहिल्यांदाच बघतोय.” मला काही हसू आलं नाही.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “केंद्र चालू असतं तर तिथेच परत पाठवलं असतं. आता सुधारगृहाशिवाय जागा नाही. बाप येऊन हमी देत असेल तर बघू.” मी पुढे झालो, तर म्हणाल्या, “आजोबा, तुम्हालाच आता सांभाळायला माणूस हवं.”

सोमवारी निकाल आहे. पोरगं विचारतं, बाबा येणार ना? मी हो म्हणून बसलोय. तुझा पत्ता मात्र कुणीच सांगत नाही, पाकीट कोरंच पडलंय. बाळा, कसंही करून लवकर कळव.

तुझा,
अण्णा