पाचूच्या भिंतीवर पांढरं कापड

शिरूर,
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्या हिस,
धनश्रीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून चिठ्ठी कशाला, असं बन्सीनं मला विचारलं. मी म्हटलं, आत्याचा फोन मामांच्या खिशात असतो आणि मामा तो पारावर बसून स्पीकरवर लावतात. म्हणजे मी आत्याला जे सांगते ते आधी अख्ख्या राहू गावाला कळतं आणि उरलं तर आत्याला. बन्सी खूप हसला. नाहीतरी तो रोज राहूहून रांजणगावला आमच्या कंपनीत येतोच. तेव्हा आजपासून आपला पोस्टमन तोच.

तर बातमी अशी, की माझ्या फ्लॅटमधली बेडरूम झाली! हॉल आणि किचन बिल्डरनं दिलं तसं क्रीम रंगाचं ठेवलंय, पण बेडरूम मात्र माझ्या मनासारखी केली. पलंगामागची भिंत पाचूसारखी गर्द हिरवी. पडदे माणकाच्या लाल रंगाचे, उशा जांभळ्या आणि मोरपंखी, खाली निळा गालिचा, छताला झालरीचं कापड आणि कोपऱ्यात पितळी दिवा. याला बोहेमियन सजावट म्हणतात. म्हणजे भटक्या लोकांच्या तंबूसारखी खोली. कापडावर कापड, रंगावर रंग, कशाला काही जुळवत बसायचं नाही.

आई-आप्पा दौंडहून बघायला आले होते. आईला दारातच ठसका लागला. आप्पांनी बराच वेळ बघून बल्ब गेलाय का म्हणून विचारलं.

तू तरी हसू नकोस. मी दिवसभर राखाडी ड्रेस घालून पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी लोखंडाचे पार्ट तपासते. दौंडच्या घरी मी, आई, दोघे भाऊ आणि शिलाई मशीन एकाच खोलीत. एकतिसाव्या वर्षी आतून दार लावता येईल अशी पहिली खोली मला मिळालीय. ती काय पांढरी ठेवू?

एक मागणं आहे. तुझ्या पेटीत आबांची काळी घोंगडी आणि मेंढराच्या गळ्यातली घंटा आहे ना, ती मला दे. त्या भिंतीवर काय शोभेल!

मामांना नमस्कार सांग, पण पारावर नको. माझ्यावरची माया रंग ऐकून फिकी पडू देऊ नकोस.

तुझीच,
धनश्री


राहू,
१७ जानेवारी २०२५

चि. धनश्रीस,
गिताआत्याचे अ. उ. आ.

चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्या बारीला वाटलं, बन्सीनं दुसऱ्याच कुणाची आणून दिली. अगं बये, शुद्धीवर हायेस का?

माझा बाप, म्हंजी तुझा आबा, मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचा. मी एवढीशी, घोड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून जायची. आज हितं पाल ठोकलं, उद्या तिथं. वारं सुटलं की पाल उडायचं आन् आम्ही पोरं त्याच्यामागं पळायचो. असं हिंडून हिंडून तवा कुठं त्यानं दौंडाकडं जमीन केली, चार भिंती बांधल्या आन् त्यास्नी पांढरा चुना दिला. त्या दिशी तुझी आजी भिंतीला हात लावू लावू बघत हुती. आन् आता तू, शिकून सवरून, कंपनीत मॅडम होऊन, पगार घालून पुन्यांदा पालात राहाया गेलीस? आबा असता तर त्यानं काठीच काढली असती.

आता कामाचं बोलते. तुझ्या लग्नापुढं तुझ्या आप्पानं हात टेकले, म्हणून मीच कंबर कसली. केडगावचं स्थळ हाय, आपल्यातलंच. पोरगं विश्वजीत, पुण्याला नोकरी, रेल्वेनं येऊन जाऊन करतंय. बाप हौसराव, आई झुंबरबाई. आपल्यात मुलीकडचे मुलाचं घरदार बघाया जात्यात. पर पोरीनं सोता घर घेतलंय म्हटल्यावर हौसराव म्हणले, मग आम्हीच घर बघाया येतो. ९ फेब्रुवारीला, ऐतवारी येत्यात.

तवर ती खोली क्रीम करून टाक. झुंबरबाई लई कडक हाय म्हणत्यात. तिच्या हातचं भांडं बी आरशावानी लखलखतं. तुझी ती हिरवी गुहा बघितली तर दारातनंच माघारी फिरंल.

घोंगडी मिळायची न्हाई.

भिंत बदलली की आशीर्वाद दुप्पट समज.

तुझी आत्या,
गिताबाई


शिरूर,
२२ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

पाहुणे येऊ देत, माझी ना नाही. साडी नेसीन, पोहे करीन, खाली मान घालायला सांगितलीस तर थोडा वेळ तीही घालीन. तू चिठ्ठीसोबत पाठवलेल्या फोटोत मुलगा बरा दिसतोय, खोटं कशाला बोलू. पण भिंत बदलणार नाही. नवरा घ्यायचा आणि खोली द्यायची असला सौदा असेल, तर त्या बिचाऱ्याला चहाच्या आधीच केडगावला परत पाठव. मी माझ्या खोलीत दार लावून आनंदात बसेन.

आणि मला पालात राहायला गेलीस म्हणतेस, तर एक विचारते. तुमच्या त्या पालात रंग कोणते होते गं? तू वाऱ्याचं सांगितलंस, कोंबड्यांचं सांगितलंस, रंगाचं काहीच नाही.

वास्तुशांतीला माझी दुसरी चावी तू कनवटीला लावून नेलीस, ती नीट सांभाळ. राग आला असेल तर तो पोह्यांबरोबर खाऊन टाकू.

तुझीच,
धनश्री


राहू,
३१ जानेवारी २०२५

चि. धनश्रीस,
अ. उ. आ.

बरं बाई, ऱ्हाऊ दे तुझी भिंत. मी काय आता तुला रंग दे म्हणत न्हाई. म्हातारीचं कोण ऐकतंय?

पालाचं काय सांगायचं. पोटापाण्याचे दिस हुते, रंग बघाया येळ कुणाला हुता?

आदल्या शनिवारी तू ड्युटीवरच असशील ना? आपलं सहज इचारते. आन् तुमच्या शिरूरला आपल्या राहूचा रोहिदास मंडपवाला बी कामाला येतो म्हणं. लई भला माणूस. सांगून ठेवलेलं बरं.

मी ऐतवारी येणारच हुते, पर म्हैस आज-उद्या व्यायची हाय. तिनं ऐकलं तर येते. तुझी काळजी मीच करायची, तवा मी करते ते गोड मानून घे.

तुझी आत्या,
गिताबाई


शिरूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्या हिस,
तरीही सा. न. वि. वि., कारण आत्या बदलून मिळत नाही.

शनिवारी संध्याकाळी कामावरून आले आणि बेडरूमचं दार उघडलं, तर माझी खोलीच गायब! भिंतींना वरून खालपर्यंत मंडपाचं पांढरं कापड. पलंगावर पांढरी चादर, गालिच्यावर पांढरी चादर, पितळी दिव्याला पांढरं फडकं. रोहिदासला फोन केला. तो अगदी खुशीत म्हणाला, गिताबाईंनी चावी देऊन पाठवलं होतं, पण लग्नसराईमुळं चांगलं कापड सगळं बाहेर गेलंय, दहाव्याच्या मांडवाचं तेवढं रिकामं होतं. आत्या, दहाव्याचं! मी स्टुलावर चढून गाठी सोडायला लागले. निम्म्या सुटल्या, निम्म्यांनी दाद दिली नाही. शेवटी रडकुंडीला येऊन तशीच हॉलमध्ये जाऊन झोपले.

सकाळी आई-आप्पा दौंडहून पोचले आणि मागोमाग पाहुणे आले. हौसराव कौतुकानं घर बघत बघत बेडरूमच्या दारापर्यंत गेले, तिथं थबकले, टोपी काढून हातात घेतली आणि आप्पांच्या कानाशी लागून विचारलं, कुणाचं झालं. आप्पांनी एकदा त्या कापडाकडं बघितलं. ते म्हणाले, लांबचं. त्यावर हौसराव हॉलमध्ये येऊन खाली मान घालून बसले. माझी मान घालायची राहूनच गेली.

झुंबरबाईंना गाडी लागली होती. सगळ्या रस्त्यानं पुढं उसाच्या ट्रॉल्या आणि मागं यांची गाडी. त्या म्हणाल्या, जरा आडवी होते. चक्कर आलेल्या माणसाला फक्त पलंग दिसतो, बाकी काही दिसत नाही. आईनं दार ओढून घेतलं. जरा वेळानं आतून धप्प आवाज आला आणि मागोमाग झुंबरबाईंची हाक. आम्ही सगळे धावलो. उरलेल्या गाठींनी मान टाकली होती, सगळं कापड पलंगावर कोसळलं होतं आणि त्याच्याखाली झुंबरबाई हातपाय झाडत होत्या. विश्वजीतनं एक टोक धरलं, मी एक धरलं आणि त्यांना बाहेर काढलं. तुझ्या स्थळाशी माझी पहिली ओळख ही अशी झाली, दोघांच्या हातात दहाव्याचं कापड!

झुंबरबाई उठून बसल्या. मागं हिरवीगार भिंत, पडद्यांतून आलेलं लाल ऊन, खालून चादर सरकून जांभळ्या उशा वर आलेल्या. मग विश्वजीत घाईघाईनं म्हणाला, की लग्न झाल्यावर क्रीम रंग देऊन घेता येईल. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की मग मुलगीही क्रीम रंगाचीच बघावी. आईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपलं. आणि आत्या, खरंच वाईट वाटलं गं, कारण कापडाचं टोक धरून तो हसला होता तेव्हा मला आवडला होता.

झुंबरबाईंनी आम्हा दोघांकडं बघितलंही नाही. भिंतीवरून तळहात फिरवला, आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि आतून कडी लावली.

आणि झोपल्या! दुपार सरली. पोहे गार, चहा गार. आप्पा आणि हौसराव ऊस, कांदा, बिबट्या, कारखाना सगळं बोलून संपले आणि पुन्हा उसावर आले. दार वाजवायची कुणाची छाती होईना. विश्वजीत गॅलरीत येऊन म्हणाला, की आईला दिवसा झोपलेलं त्यानं कधी बघितलंच नाही. घरी ती टीव्हीच्या खोलीत पडते, सगळे उठून गेल्यावर, आणि सगळ्यांच्या आधी उठते. मग म्हणाला, क्रीमचं बोललो ते चुकलंच. आणि त्या हिरव्याला काय म्हणतात ते विचारलं.

ऊन उतरल्यावर दार उघडलं. झुंबरबाईंच्या गालावर माझ्या उशीची नक्षी उमटली होती. त्यांनी सांगितलं, की घर पसंत आहे. मुलगा पसंत आहे का ते मुलीनं सावकाश सांगावं, घाई नाही. पण लग्न ठरो न ठरो, त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, लहानपणी पालात आईच्या कुशीत लागायची तशी झोप लागली.

विश्वजीतला येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. एकट्यालाच. पण झुंबरबाईंनी निरोप धाडलाय, की त्या आल्या तर चालेल का, त्या आतच असतील.

माझी चावी परत पाठव. बाकी प्रेम तुझ्याकडंच ठेव, ते तू मागच्या दारानंसुद्धा करतेस हे कळलं.

तुझीच,
धनश्री


राहू,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. धनश्रीस,
अ. उ. आ.

म्हैस ऐतवारीच व्याली, मला येऊ दिलं न्हाई. रेडी झाली. नाव पाचू ठिवलंय.

दहाव्याचं कापड मला ठाव नव्हतं, देवाशपथ. रोहिदासला असा झाडला की तो दोन दिस आमच्या आळीतनं गेला न्हाई. पर तुझी चिठ्ठी वाचून हसून हसून पोटात दुखलं. मालकांनी इचारलं काय झालं, म्हटलं म्हैस.

मग हसता हसता थांबले. तू इचारलं हुतंस, पालात रंग कंचे हुते. मी उडवून लावलं. सगळे हुते गं. आईनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवलेली, हिरवी, लाल, मधी एक जांभळा तुकडा, कुठनं आणला हुता देव जाणं. ती वाकळ माझी आन् पालाचा उजवा कोपरा माझा. तिथं दुसरं कुणी निजायचं न्हाई. मग भिंती झाल्या, लगीन झालं, हे एवढं घर झालं. एक खोली ज्वारीची, एक खताची, एक पोरांची, एक पाहुण्यांची. माझी कंची? मी कवा इचारच केला न्हवता. झुंबरबाई झोपली हे वाचलं आन् मला त्या बाईचा असा राग आला! पोरगी माझी, खोली माझ्या पोरीची, आन् पहिली जाऊन झोपली ही!

तवा मी खताची खोली रिकामी केली. मालक कुरकुराया लागले. त्यास्नी सांगितलं, केडगावचे आता मुलीच्या आत्याचं घर बी बघाया येणार हायत, तशी त्यांच्यात पद्धत हाय. त्यांनी जाऊन ते पारावर सांगितलं. आता अख्ख्या गावाला ठाव झालंय, म्हंजी माघार न्हाई.

बन्सीबरोबर आबांची घोंगडी आन् घंटा धाडतेय. पोरगं पसंत असंल तर कर, नसंल तर नगं करू, पर खोली सोडू नगंस. चावी काय मी देत न्हाई. झुंबरबाई नसंल त्या ऐतवारी मला यायचंय.

त्या हिरव्या रंगाचा एक डबा बन्सीकडं दे. डब्याबरोबर तुझी माया बी येऊ दे, ती मला कुठल्या बी रंगात चालंल.

तुझी आत्या,
गिताबाई

ता. क. खताच्या खोलीला कडी बाहेरनं हाय. ती आतनं बसवून घ्यायचीय. कुणाला सांगू?