खुळखुळा

दि. ६ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांची लेबलं खरवडून तू त्यांत घड्याळांचे स्क्रू ठेवतोस, हे वाचून हसू आलं. घड्याळजी शोभतोस खरा!

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर नवीन प्रोग्राम आलाय. कोण पेशंट गोळ्या नेमाने घेईल आणि कोण मध्येच सोडेल, हे तो आधीच सांगतो म्हणे. सोडणाऱ्याच्या नावापुढे लाल ठिपका, बाकीच्यांपुढे हिरवा. समुपदेशक म्हणून मी फक्त लालवाल्यांना फोन करायचे. काल एका लाल आजोबांना केला, तर तेच मला झापायला लागले, म्हणे गोळी तोंडात आहे, गिळू तरी दे बाई! डॉक्टर प्रोग्रामवर खूश आहेत. मला मात्र काही पटत नाही.

आईला तुझ्या आजाराचं अजून काही बोलले नाही. तुझ्या दुकानाच्या फोनवर सगळे कान टवकारून असतात, तेव्हा आपली पत्रंच बरी. जप रे. माझा लोभ आहेच, तुझाही असू दे.

तुझी ताई

दि. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही, रागावू नकोस. तो प्रोग्राम इथेही आलाय आणि मी हिरवा! डबी घ्यायला ठरल्या तारखेला दार उघडायच्या आधी हजर असतो. घड्याळवाल्याने उशीर केला तर कसं व्हायचं? नर्सबाई म्हणाल्या, तुमची काही काळजीच नाही.

मालकांनी माझ्या खोलीत एक नवा कारागीर आणून ठेवलाय. भारी चौकस. माझ्या साबणाच्या डबीतसुद्धा डोकावतो. बाकी मजेत. जरा खोकला आहे, हवेचा असेल.

एक काम कर ना. छोट्या रिकाम्या डब्या असतील तर पार्सलने पाठव. जुन्या फुटल्या, माझ्याकडे एकही उरली नाही. स्क्रू बशीत ठेवतो आणि निम्मे हरवतात. लोभ कमी करू नकोस.

तुझा ठोंब्या

दि. २३ एप्रिल

ठोंब्या,

आशीर्वाद राहू देत बाजूला. तुला डब्या कशाला कमी पडतात? दर महिन्याला भरलेली डबी घरी नेतोस, मग रिकाम्या जातात कुठे?

गोळ्या डबीतच आहेत ना? प्रोग्रामला तू डबी नेलीस एवढंच कळतं. गिळलीस की नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि तो खोकला हवेचा आहे हे कोणी ठरवलं, तू?

हे पत्र हातात पडलं की तसाच उठून दवाखान्यात जा आणि सगळं खरं सांग. आपल्या मनाने गोळ्या पुन्हा सुरू करू नकोस, आधी रक्त तपासू दे. उत्तर आलं नाही तर मी गाडीत बसते. मग दुकानात तमाशा होईल, सांगून ठेवते.

ताई

दि. २८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. सगळ्या डब्या ट्रंकेत आहेत, कपड्यांत गुंडाळलेल्या. डबी जरा हलली की आतल्या गोळ्या वाजतात. तो कारागीर एकदा विचारत होता की हा कसला खुळखुळा आणलायस. त्यानंतर झाकण उघडायचा धीरच झाला नाही. आजचं उद्यावर ढकलत गेलो.

दवाखान्यात सगळं सांगितलं. नर्सबाई बघतच राहिल्या. रक्त घेतलंय, छातीचा फोटो काढलाय, रिपोर्ट यायचाय. मला फार भीती वाटतेय गं. तू येऊ नकोस म्हणणार होतो, पण ये.

तुझा ठोंब्या

दि. १६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून खोली सुनी वाटते. टीबीची औषधं चालू आहेत, खोकला उतरलाय. मागाहून एचआयव्हीच्या गोळ्याही सुरू झाल्या. तू जाताना म्हणालीस तसं कारागिराला एकदाचं सांगून टाकलं. आता खोली सोडावी लागणार म्हणून मी ट्रंक भरायलाच घेतली होती. तर तो म्हणाला, झोपायच्या आधी दिवा कोण घालवणार ते ठरव. आता रोज जेवण झालं की तोच विचारतो, खुळखुळा वाजला का?

प्रोग्राममध्ये मी आता लाल आहे. नर्सबाई फोन करतात, मी दुकानातूनच बोलतो. मालक कान टवकारतात, टवकारू देत.

आणि हो, डब्या पाठवू नकोस. काल एक रिकामी झाली.

तुझा ठोंब्या